रणांगणावरील शौर्य आणि एका माळकऱ्याचा प्रश्न

गेल्या आषाढी वारीत वाल्ह्याच्या मुक्कामी रात्रीचे कीर्तन आटोपले होते. मंडळी आपापल्या पथाऱ्या पसरीत होती. आमच्या दिंडीत एक निवृत्त हवालदार पुष्कळ वर्षे चालत आहेत. वय सत्तरीच्या पुढे, पाठ अजून ताठ, गळ्यात तुळशीची माळ, बोलणे थोडके. ते आमच्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "महाराज, एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचारा की, माउली. राग कसला?"

"एकाहत्तरच्या लढाईत मला पदक मिळालं. गावात मिरवणूक निघाली, शाळेतल्या पोरांनी लेझीम खेळलं. पण त्या दिवशी मी केलं काय? समोरची दोन माणसं मारली, आणि आमचा एक जखमी गडी पाठीवर घालून माघारी आणला. ज्याला आणला, तो पहाटे गेला. मग हे पदक कशाचं म्हणायचं? मारल्याचं म्हणावं, तर गळ्यात ही माळ. आणल्याचं म्हणावं, तर तो काही राहिला नाही."

आम्ही 'देवाची इच्छा' असे काहीतरी पुटपुटलो आणि दिवा मालवला. उत्तर सुचले नाही म्हणजे देवाचे नाव पुढे करावे, ही आमच्यासारख्या बोलघेवड्यांची जुनी खोड. हवालदार 'बरं' म्हणाले आणि उठून गेले. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पुढे पंढरी झाली, काला झाला, मंडळी घरोघर गेली, पण तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. त्याचा जसा सुचला तसा विचार येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रश्न असा : रणांगणावरील शौर्याला आपण मान देतो, तो त्यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीला?

वरवर पाहणारा म्हणेल, "यात विचारायचे काय? ज्याने शत्रू मारला तो शूर." ठीक आहे, येथूनच सुरुवात करू. आपल्याच मातीतले दोन शिपाई घेऊ.

कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या रायगडमधले, नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधले. वय अवघे बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि तुकडीतले बाकीचे सारे जण ठार तरी झाले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले एकटे घाडगे. ते तसेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली, एकास गोळी घातली. टॉमीगनमध्ये नवी काडतुसे भरायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानेच मारले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि जिंकलेल्या त्या जागीच ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, त्याच पलटणीच्या पहिल्या बटालियनमधले. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीच्या बांधावर त्यांची कंपनी माऱ्यात सापडली व जवळजवळ संपली. जाधवांचे काम काय, तर निरोप्याचे! पण त्यांनी एका जखमी सोबत्याला उचलले, खोल पाण्यातून नेले, उभा बांध चढवला, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप पोहोचवले. मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. हे झाल्यावर मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायचा या निश्चयाने ते पुन्हा गेले आणि मशीनगनच्या तीन जागा त्यांनी बंद पाडल्या. शेवटी बांधावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करून त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते मात्र जगले, १९८४ साली वारले.

आता कोणी म्हणेल, "बघा, दोघांनीही मारलेच. सूड हा शब्द तर मानपत्रातच आहे. मग मान मारण्याचाच नव्हे काय?" हा पूर्वपक्ष बळकट आहे. त्याला गोड बोलून बाजूला सारणे बरे नव्हे.

परंतु थोडे थांबून विचार करा. मारणे हेच शौर्याचे माप असते, तर उंच विमानातून बॉम्ब टाकून एका रात्रीत सबंध शहर जाळणारा सर्वांत मोठा शूर ठरला असता. घाडग्यांच्या हातून माणसे गेली ती बोटांवर मोजण्याइतकी. तरी आपला हात आपोआप कपाळाशी जातो तो घाडग्यांसाठी. म्हणजे मोजणी मुडद्यांची नाही, एवढे तर ठरले.

आता माप दुसऱ्या टोकाने लावून पाहू. ज्याने त्या प्रसंगी कोणासच मारले नाही, त्याला हा मान मिळतो काय? मिळतो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे कारवारजवळच्या चेंडिया गावचे, बॉम्बे सॅपर्समधले. काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडे आडवी पाडून बंद केला होता. रस्ता मोकळा झाल्याखेरीज रणगाडे पुढे जाईनात. ८ एप्रिल १९४८ रोजी राण्यांनी काम सुरू करताच उखळी तोफांचे गोळे आले. त्यांची दोन माणसे ठार झाली, पाच जखमी झाली, आणि त्या पाचांत ते स्वतः एक होते. तरी त्यांनी काम सोडले नाही. ११ एप्रिलपर्यंत हेच चालले होते. फारसे अन्न नाही, फारशी झोप नाही. एकदा तर चालत्या रणगाड्याच्या खाली सरपटत, वरच्या चालकाला दोरीने खुणा करीत ते पुढे गेले. हातांनी माती उकरायची, सुरुंग काढायचा, झाड बाजूला करायचे, पुन्हा पुढचा सुरुंग. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले. या कामाबद्दल राण्यांस परमवीर चक्र मिळाले. ते जिवंतपणी मिळालेले ते पहिलेच.

रस्ता साफ करणे! आपल्याकडे पालखीच्या पुढे जाऊन वाटेतले दगडधोंडे उचलणारी माणसे असतात. त्यांचे नाव कोणी विचारीत नाही, पण मागची वाट त्यांच्यामुळे चालती होते. राण्यांचे काम जातीने तेच, फरक इतकाच की दगडाच्या जागी सुरुंग होता.

आणखी एक उदाहरण परक्या देशातले सांगतो. डेस्मंड डॉस नावाचा अमेरिकन शिपाई होता. धर्मनिष्ठेमुळे त्याने हत्यार हाती धरायचेच नाकारले. सोबत्यांनी त्याची टिंगल केली, वरिष्ठांनी त्याला काढून टाकण्याची खटपट केली. तो म्हणाला, मी जखमींची शुश्रूषा करीन, पण बंदूक घेणार नाही. मे १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर एका उंच कड्यावर त्याच्या पलटणीवर भयंकर मारा झाला. बाकीचे मागे हटले, डॉस वरच राहिला, आणि एकेका जखमीस ओढत आणून दोरीने कड्याखाली सोडत राहिला. मानपत्रात आकडा पंच्याहत्तरांचा आहे. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याच वर्षी त्याला दिले.

तेव्हा मारणे असेल तरच शौर्य असेही नाही, आणि मारणे असले म्हणजे शौर्य असेही नाही. मग मरणे म्हणावे काय? तेही नाही. परमवीर चक्राचे आजवरचे मानकरी एकवीस. त्यांपैकी चौदांना ते मरणोत्तर मिळाले, पण सात जण जिवंत होतेच की! आणि नुसते मरण तर लढाईत पळणाऱ्यालाही गाठते. मग निर्भयता? भय वाटले नाही असे कोण सांगेल? पुष्कळ जुने शिपाई भेटतात. भय वाटले नाही म्हणणारा त्यांतला क्वचितच.

एकेक गोष्ट अशी काढून टाकली म्हणजे शेवटी जे उरते, ते असे आहे. ज्या घटकेला प्रत्येक जीव स्वतःपुरता आक्रसतो, नेमक्या त्याच घटकेला या माणसाने स्वतःला हिशेबातून वगळले. घाडगे धावले तेव्हा, राणे दुसऱ्या सुरुंगाकडे सरकले तेव्हा, जाधव एकाला पोहोचवून दुसऱ्यासाठी पुन्हा पाण्यात उतरले तेव्हा. आमच्या मते जाधवांचे सगळे शौर्य त्या 'दुसऱ्यासाठी पुन्हा' मध्ये आहे. पहिल्याला उचलताना माणूस आवेशात असू शकतो. पण एकदा सुरक्षित जागी पाय टेकल्यावर पुन्हा उलट फिरायचे, हे आवेशाचे काम नव्हे. मग सूडाचे काय? सूड होता, तो का झाकावा? माणूस होता, देवमूर्ती नव्हती. शौर्य आणि सूड एकाच छातीत राहू शकतात. त्यांतल्या कोणाला नमस्कार करायचा, हे मात्र आपल्या हाती आहे.

परमवीर चक्राची घडण ज्यांनी केली त्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने स्वित्झर्लंडच्या. आपल्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या या देशाच्या झाल्या, आणि महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. पदकावर मध्ये राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे त्यांनी योजली. वज्र कशाचे, तर दधीची ऋषींच्या अस्थींचे. वृत्राला मारणारे शस्त्र घडले ते एका माणसाने आपले हाड देऊन टाकले म्हणून. मारणारा इंद्र, पण कथा आपण सांगतो ती दधीचीची. पदक घडवणाऱ्या बाईंनी मान कशाचा, हे धातूत आधीच कोरून ठेवले आहे.

येथवर आल्यावर कोणी म्हणेल, "महाराज, प्रश्न सुटला. मान त्यागाचा, मारण्याचा नव्हे. हवालदारांना सांगून टाका." पण इतके सोपे असते तर आमची झोप उडाली नसती. कारण हवालदारांच्या मनात ती दोन माणसे आहेत. पदक मारण्याचे नव्हे असे सांगितल्याने ती दोन माणसे कोठे जातात? ती तेथेच उभी राहतात.

आणि समोरचाही शूर असतो, हे विसरून कसे चालेल? १९९९ साली कारगिलच्या लढाईत टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान (यातले 'कर्नल' हे त्याच्या नावातच आहे) मरेपर्यंत लढला. आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचे शव परत पाठवताना, हा फार शूरपणे लढला, अशी चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली. पुढे त्याच्या देशाने त्यास आपला सर्वोच्च मान दिला. शत्रूच्या शौर्याची साक्ष शत्रूने द्यावी, हे आम्हांस फार मोठे वाटते. यावरून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. शौर्यावरून पक्ष न्यायाचा की अन्यायाचा हे ठरत नाही. ते वेगळ्या तराजूत तोलावे लागते. घाडगे आणि जाधव लढले ते ज्यांच्या निशाणाखाली, त्यांनीच त्या वेळी आपला देश गुलामीत ठेवला होता. बेचाळीसच्या चळवळीतली माणसे तेव्हा तुरुंगात होती. म्हणून त्या दोघांचे शौर्य खोटे ठरत नाही, आणि त्यांच्या शौर्यामुळे ती सत्ताही खरी ठरत नाही. शूराच्या खांद्यावर आपला पक्ष चढवून मिरवणे, ही राज्यकर्त्यांची युक्ती आहे. भाविकांनी तीत सापडू नये.

आता त्या दोन माणसांचे काय? अर्जुनाने आपला प्रश्न युद्धाच्या आधी विचारला, आणि त्याचे उत्तर ज्ञानोबांनी आपल्याला मराठीत उघडून दाखवले. हवालदारांनी प्रश्न विचारला तो युद्धानंतर पन्नास वर्षांनी. असा नंतर विचारणाराही महाभारतात आहे, तो धर्मराज. युद्ध जिंकले, राज्य मिळाले, आणि हा म्हणतो, मला हे नको. मेलेल्यांना पाणी देण्यासाठी सारे गंगेवर गेले, तेव्हा कुंतीने सांगितले की कर्णालाही पाणी दे, तो तुझा थोरला भाऊ. ज्याला शत्रू म्हणून मारले, तो भाऊ होता हे कळले ते तिलांजलीच्या वेळी! त्या दुःखातून धर्मराजाला बाहेर काढायला कृष्ण आले, व्यास आले, शरपंजरी पडलेले भीष्म दिवसेंदिवस बोलत राहिले. एवढ्या मोठ्यांनी एकट्या धर्मराजासाठी एवढा वेळ दिला. आणि आम्ही हवालदारांना किती दिला? दिवा मालवण्याइतका.

आमची चूक येथे आहे, आणि ती आमची एकट्याची नाही. आपण शिपायाला सांगतो, जा, आमच्यासाठी लढ. तो जातो. आल्यावर हार घालतो, लेझीम खेळतो, गावच्या वेशीवर त्याच्या नावाची कमान उभारतो. मानाचा वाटा आपण सारे घेतो. 'आमच्या गावचा', 'आमच्या तालुक्याचा' म्हणतो. पण रात्री जी दोन माणसे येऊन उभी राहतात, त्यांचा वाटा कोणी घेत नाही. तो त्याच्या एकट्याच्या माथी. हा कसला न्याय? युद्ध जर सर्वांच्या वतीने झाले, तर मारण्याचा भारही सर्वांचा आहे. ज्याने नांगर धरला त्याचाही आहे, ज्याने टाळ धरला त्याचाही आहे. अहिंसेची माळ घालून आपण सुखाने झोपलो, ते कोणीतरी सीमेवर जागा होता म्हणून. तेव्हा आमच्या माळेला डाग नाही आणि त्याच्या माळेला आहे, असे मनात आणणाऱ्याने आपली माळ एकदा नीट पाहावी.

अरुण खेत्रपाल यांची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. जन्म पुण्याचा, पलटण पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत रणगाडा पेटला असताना तो सोडण्याचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे असे कळवून ते लढत राहिले आणि एकविसाव्या वर्षी गेले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले. पुढे २००१ साली त्यांचे वृद्ध वडील, तेही निवृत्त ब्रिगेडियर, आपले जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, त्या ब्रिगेडियर नासेर यांनी फार आदराने त्यांचे सारे केले, आणि निघायच्या आदल्या रात्री सांगितले की तुमचा मुलगा त्या दिवशी माझ्या हातून गेला. तीस वर्षे हे ओझे त्या मनुष्याने वाहिले असेल! ते उतरवायला त्याला मेलेल्याचा बापच सापडला, आणि बापाने ते ऐकून घेतले. शौर्याची पदके दोन्हीकडे पुष्कळ आहेत, पण असे ऐकून घेणाऱ्याला कोणते पदक द्यावे ते आम्हांस ठाऊक नाही.

म्हणून हवालदारांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. हवालदार, पदक मारल्याचे नव्हे. पाठीवरचा गडी जगला नाही, म्हणून ते फुकटही गेले नाही. त्याला उचलताना तो जगेल की नाही हे तुम्हांला कोठे ठाऊक होते? गोळ्या चालू असताना तुम्ही त्याला तेथे एकटा टाकला नाही, एवढेच तुमच्या हाती होते आणि तेवढे तुम्ही केले. तो पहाटे गेला, पण आपल्या माणसांत गेला. पदक त्याचे आहे. आणि ती दोन माणसे? ती तुम्हांला आठवतात, हे पाप नव्हे. ती विसरली असती तर आम्हांला तुमची काळजी वाटली असती. त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत होते. धर्मराजाने गंगेवर पाणी दिले, तेव्हा आपले आणि परके असा भेद ठेवला नाही. येत्या वारीत चंद्रभागेत उतराल, तेव्हा तुमच्या सोबत्याच्या नावाने एक ओंजळ सोडा, आणि त्या दोघांच्या, ज्यांची नावे तुम्हांला ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी दोन. आम्ही शेजारी उभे राहू, आणि तुमच्या बरोबरीने आम्हीही सोडू. कारण ती आमच्याही नावावर आहेत.

वाचकांसही एक विनंती. तुमच्या गावात, तुमच्या दिंडीत असा कोणी निवृत्त जवान असेल. झेंडावंदनाच्या दिवशी त्याला खुर्ची देता, ती द्याच. पण एखाद्या संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. लढाईच्या गोष्टी सांगा म्हणून मागे लागू नका. तो बोलला तर ऐका. गप्प राहिला तर तुम्हीही गप्प बसा. आणि काही अवघड विचारले, तर आमच्यासारखे देवाचे नाव घेऊन पळू नका.

हा अंक हाती आला की आम्ही हवालदारांच्या घरी जाऊन हे सर्व वाचून दाखवणार आहो. पटले तर ठीक. न पटले तर वाल्ह्याच्या मुक्कामी पुन्हा बसू, आणि या खेपेस दिवा लवकर मालवणार नाही.

रामकृष्णहरि.